मोडी लिपीत पूर्णविराम नव्हता म्हणे, मंग खताच्या ऑर्डरीत काऊन पाहिजे?

आठ दिवस झाले, आमच्या कृषी केंद्रवाल्यांच्या ग्रुपवर, गावच्या ग्रुपवर अन् काल तर सासुरवाडीच्या ग्रुपवरही एकच मेसेज फिरून राहिला, 'व्याकरणाची गुलामी सोडा'. त्यात सांगतलं का विरामचिन्हं इंग्रजांच्या काळात आली, मोडीत नव्हती तरी राज्यं चालली; शुद्धलेखन म्हणजे पुण्याची दादागिरी; नमस्कार-चमत्कार टाईमपास; आकडा लिहिला की झालं, अक्षरी कशाला; अन् शेवटी 'समोरच्याला समजलं ना, मंग विषय संपला'. अंगठेच अंगठे खाली. मी पण देणार होतो, पण मागच्या खरिपाचं बिलबुक आठवलं.

मोडीचं अर्धं खरं आहे. मोडीत विरामचिन्हं नव्हती, शब्दही एकमेकाला चिकटून चालायचे, अन् मराठीत ही चिन्हं आणायचं श्रेय मेजर कँडी या इंग्रज साहेबाला देतात हेही बरोबर. पण म्हणून तो कारभार मोकाट होता का? शिवकालीन पत्रं पाहा, मजकूर संपला का खाली 'मर्यादेयं विराजते' असा मोर्तबाचा शिक्का, म्हणजे इथं संपलं, याच्याखाली कोणी आपल्या मनानं एक ओळ वाढवायची नाई. आता याले पूर्णविराम नाई म्हणायचं तर काय म्हणायचं? अन् तो लिहिणारा कारकून मुरलेला, वाचणाराही मुरलेला, मायना ठरलेला. आपल्याकडे मेसेज वाचतो गोडाऊनवरचा पोट्टा, तोही गाडीत बॅगा भरता भरता.

'समजलं ना' वाल्यांसाठी माझीच फजिती सांगतो. जुलै महिना, कपाशीला खत द्यायचे दिवस, मी घाईघाईत ठोकवाल्याले टाकलं: '२५ १० २६ २६ ३० २० २० ० १३ ४० युरिया'. माझ्या डोक्यात एकदम क्लिअर, दहा सव्वीस सव्वीस या खताच्या २५ बॅगा, वीस वीस शून्य तेरा या दुसऱ्या खताच्या ३०, युरिया ४०. तिकडच्या पोट्ट्यानं काय वाचलं? पहिले २५ म्हणजे तारीख. मंग दहा सव्वीस सव्वीस ३०, वीस वीस शून्य तेरा ४०, अन् युरियापुढं आकडाच उरला नाई म्हणून युरिया टाकलाच नाई. बरं, त्याची चूक काढून दाखवा! गाडी २५ तारखेला आली, नको त्या १५ बॅगा जास्तीच्या, अन् दुकानासमोर लोकं युरियासाठी उभे. दोन स्वल्पविराम अन् तीनदा 'बॅगा' लिहिलं असतं तर ही पाळी आली नसती. आता लिहितो: '१०:२६:२६ – २५ बॅगा, २०:२०:०:१३ – ३० बॅगा, युरिया – ४० बॅगा.' बॅगाच लिहा, क्विंटल नका लिहू, युरियाची बॅग ४५ किलोची अन् डीएपीची ५० ची, हिशोबात गोंधळ होतो.

शुद्धलेखनाचं म्हणाल तर मी थोडा मेसेजवाल्याच्याच बाजूनं आहे. कोणी 'पाणि' लिहिलं म्हणून फवारणी थांबत नाई. पण दादागिरी म्हणायले ते नियम आहेत किती, १९६२ चे १४ अन् १९७२ ले वाढलेले चार, एवढेच. अन् अनुस्वाराशी मजाक नका करू. 'पैसे मुलाकडे दिले' अन् 'पैसे मुलांकडे दिले', ज्या घरात दोन भावांच्या हिस्स्यावरून आधीच धुसफूस आहे तिथं एवढ्या टिंबावर भांडण पेटते. आपली वऱ्हाडी अशुद्ध म्हणून व्याकरण सोडा, हे तर मले पटतच नाई. मले, तुले, त्याले, दर खेपेला 'ला' च्या जागी 'ले', चुकून तरी बदलते का? हेच तर व्याकरण. अन् मराठीचं विद्यापीठ पुण्यात नाई, आपल्या अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला झालं, तर पुण्याचं ओझं डोक्यावरून उतरवा आता.

नमस्काराचं, सा.न.वि.वि. कोणी मागत नाई भाऊ. पण 'माल पाठवा' एवढाच मेसेज, नंबर सेव्ह नाई, नाव नाई, गाव नाई, डीपीवर गणपती. कोणाले पाठवू, गणपतीले? 'रामराम जी, अमुक गावचा अमुक बोलतो', चार शब्द जास्त लागतात.

अक्षरी रकमेचा कायदा तर १८८१ चा आहे, चेकवर आकडा अन् अक्षर जुळलं नाई तर अक्षरी रक्कम खरी धरायची असं त्यात लिहून आहे (बँकवाला बहुतेक चेक परतच करते, ते वेगळं). हातानं लिहिलेला १ अन् ९ कसा दिसते ते उधारीच्या वहीत पाहा एकदा. अन् 'अक्षरी रुपये पाच हजार फक्त' मधला तो 'फक्त' म्हणजे तोच मोर्तब, पुढं कोणी 'पाचशे' जोडू नाई म्हणून.

हा मेसेज मले ज्या दोस्तानं पाठवला, त्याचाच काल संध्याकाळी दुसरा मेसेज आला: 'तुमचे ५००० बाकी आहे'. मी लगेच लिहिलं, 'बरं झालं भाऊ आठवण ठेवली, कधी पाठवता?' निळ्या टिका आल्या, उत्तर नाई आलं अजून.