आमची गरिबी १३२५ अक्षरांत बसवा म्हणे

इथे अमेरिकेत एमडी-पीएचडीचा, म्हणजे डॉक्टरकी आणि रिसर्च अशा दोन्ही डिग्र्या एकत्र देणाऱ्या कोर्सचा, फॉर्म भरतेय आणि डोकं फिरलंय. कुणाला तरी ऐकवल्याशिवाय झोप लागणार नाही, तेव्हा ऐका.

नुसत्या एमडीला एक निबंध, ५३०० अक्षरांचा. आम्हाला तो आहेच, वर ‘एमडी-पीएचडी का?’ हा ३००० अक्षरांचा, त्यावर आजवरच्या रिसर्चचा १०,००० अक्षरांचा. तेही लिहीन, रिसर्चवर कितीही बोलायला लावा. पण मध्ये एक चौकोन आहे. आयुष्यात काय अडचणी आल्या ते सांगा, १३२५ अक्षरांत, मोकळ्या जागा धरून. पूर्वी सरळ विचारायचे की तुम्ही डिसअ‍ॅडव्हान्टेज्ड आहात का, म्हणजे परिस्थितीने मागे राहिलेल्या. आता गोड बोलून विचारतात, एवढाच फरक. कॉलेजातल्या अ‍ॅडव्हायजरबाईंनी माझा मसुदा वाचला आणि म्हणाल्या, छान आहे, पण वडिलांचा भाग अजून रंगव.

रंगव? माझे बाबा रात्रभर गॅस स्टेशनवर उभे असतात. न्यू जर्सीत स्वतःच्या हाताने गाडीत गॅस, म्हणजे पेट्रोल, भरायला १९४९पासून कायद्याने बंदी आहे, म्हणून जानेवारीच्या थंडीतही दुसऱ्यांच्या टाक्या भरायला माणूस लागतो. तो माणूस म्हणजे माझे बाबा. झालं, संपलं. यात रंगवायचं काय? त्यांच्या फुटलेल्या बोटांचं वर्णन करू, म्हणजे कमिटीतल्या कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी येईल?

बरं, रंगवलं तरी कुणाला पटतंय! आडनाव मराठी, म्हणजे बाप आयटीत नाहीतर डॉक्टर, हे आधीच ठरलेलं. आम्ही इथे आलो ते आत्याने फाइल केलेल्या ग्रीनकार्डावर, कितीतरी वर्षं रांगेत काढून. बाबा बारावी नापास, आई आठवीपर्यंत शिकलेली. हे सांगितलं की समोरचा माणूस असा बघतो की जणू मीच काहीतरी लपवतेय.

आणि आपले लोक? मंडळाच्या गणपतीत एका डॉक्टरकाकांना विचारलं, काका, तुमच्या क्लिनिकमध्ये शॅडोइंगला, म्हणजे तुमचं काम बघायला, येऊ का? “हो हो, बघू या, ईमेल कर मला.” केलं. पुन्हा केलं. पुढच्या गणपतीत काकांनी ओळखलंही नाही. त्यांचा मुलगा अकरावीपासून बाबांच्या मित्रांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये उभा राहतोय, फॉर्मवर त्याचे तास शेकड्याने असतील. त्या पोरावर माझा राग नाही. चांगला आहे बिचारा, मला एमकॅटची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची, पुस्तकं त्यानेच दिली.

पैशांचं म्हणाल तर फीमाफी आहे, नाही असं नाही. ती मिळाली की एमकॅट स्वस्तात होते आणि वीस कॉलेजांचे अर्ज फुकट जातात, नाहीतर पहिल्या कॉलेजला १७५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाला चाळीसच्या वर. पण ही सवलत आहे हे तुम्हाला आधी माहीत हवं! मंजुरीआधी जे भरलं ते परत मिळत नाही. ज्यांच्या घरात पैसा नाही त्यांच्यासाठीची योजना, आणि ती कळायला घरात कुणीतरी कॉलेजात गेलेलं पाहिजे. वा! बाबांचे टॅक्सचे कागद गादीखालच्या पटेल ब्रदर्सच्या पिशवीतून काढून जमिनीवर सरळ केले आणि फोनने फोटो काढत बसले, तेव्हा त्यांनी विचारलं, “डॉक्टर तू होणार, मग माझा पगार कशाला बघतायत ही माणसं?” काय सांगू?

पण फी माफ करतील, वेळ कोण माफ करणार? यांना हवेत लॅबमधले तास, तेही हजारोंनी. मी प्रयोगाची जेल चालवली, पुढचं ट्रान्सफर लावलं, आणि ते संपायच्या आत बॅग उचलून बसमागे धावले, कारण सहा वाजता दुकानात गल्ल्यावर शिफ्ट. ब्लॉटची, म्हणजे त्याच प्रयोगाच्या निकालाची, इमेज घ्यायला जो थांबला, त्याचं नाव रिसर्च पेपरवर लागलं. त्याला थांबता येत होतं, कारण त्याचं भाडं घरून यायचं. फॉर्मवर गल्ल्यालाही रकाना आहे, ७०० अक्षरांचा. भरलाय. पण पेपरपुढे गल्ला कोण वाचतो? वर पीआय, म्हणजे लॅबचे प्रमुख, म्हणतात, शिफारसपत्राचा ड्राफ्ट तूच लिहून पाठव. आपली टिमकी आपण वाजवू नये हे ऐकत मोठी झालेली मुलगी स्वतःला ‘असामान्य’ कसं म्हणणार? दुसऱ्या कुणाच्या घरी निदान आई एकदा वाचून तरी देते.

मेडिकल कॉलेजांच्या संघटनेनेच २०१८ साली छापलं होतं की त्यांचे जवळजवळ तीन चतुर्थांश विद्यार्थी उत्पन्नात देशातल्या वरच्या चाळीस टक्क्यांच्या घरांतले आहेत. म्हणजे माहीत सगळं आहे. सरकारी पैशावर चालणारे हे एमडी-पीएचडीचे प्रोग्रॅम १९६४पासून आहेत, साधारण आठ वर्षं फी नाही, वर स्टायपेंड. डोक्यावर कर्ज नको असलेल्या आमच्यासारख्यांना याहून चांगलं काय? आणि दारापर्यंत पोचतात कोण, तर ज्यांना कर्जाची भीतीच नाही ते.

मधल्या काही पायऱ्या होत्या. शाळेत फुकट जेवण, कॉलेजात गरीब मुलांसाठीची सरकारी पेल ग्रँट, आईबाप ग्रॅज्युएट नाहीत, यातल्या कुठल्याही दोन गोष्टी असल्या की एनआयएचच्या, म्हणजे रिसर्चला पैसा देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, ‘परिस्थितीने मागे राहिलेल्यां’च्या व्याख्येत बसायचो. माझ्याकडे तिन्ही. ग्रॅज्युएशननंतर पगार देऊन लॅबमध्ये तयार करणारा प्रेप नावाचा प्रोग्रॅम होता, कॉलेजातच असताना तसाच मार्क नावाचा होता. २०२५च्या वसंतात दोन्ही गुंडाळायला काढले. माझ्या आधीच्या मुलींनी ज्या वाटेने जा म्हणून सांगितलं, तीच बुजवली. अ‍ॅडव्हायजरबाई म्हणतात, गॅप इयर घे. गॅप इयरमध्ये भाडं कोण भरणार, हे त्या काही सांगत नाहीत.

घरच्यांचं वेगळंच. “आठ वर्षं? मग लग्न कधी, कमावणार कधी?” आईचं मी समजू शकते. आत्याचं नाही. तिचं एकच पालुपद, “मेरिट असेल तर मिळतंच गं.” फाइल केलीस, उपकार मानते तुझे, जन्मभर मानेन. पण पुढच्या हळदीकुंकवाला हे वाक्य माझ्यासमोर बोललीस ना, तर सगळ्या बायकांसमोर ते तिन्ही निबंध मोठ्याने वाचून दाखवीन, स्पेससकट.