बँड वाजतोय, पंखा बंद करा

मी गिटार वाजवते, कीबोर्ड वाजवते, बेस वाजवते, बासरी बरी वाजवते आणि शेजारी गावाला गेले असतील तर ड्रम्सही वाजवते. गाणी मीच लिहिते, चाली मीच लावते, गाते मीच, रेकॉर्डिंगही मीच करते. लोकांना वाटतं एवढी वाद्यं शिकणं हेच अवघड असणार. शिकणं होतं हो, रोज बसलं की होतं. माझा जीव जातो तो नखांपायी.

म्हणजे बघा, गिटार बोटांनी छेडायची तर उजव्या हाताची नखं जरा वाढवावी लागतात, त्याशिवाय आवाजाला धार येत नाही. डाव्या हाताची मात्र पार मुळापर्यंत कापलेली, नाहीतर तार नीट दाबलीच जात नाही. इथपर्यंत ठीक, एक हात नटलेला आणि एक हात उघडाबोडका घेऊन मी समारंभांना जाते आणि "अगं, दुसऱ्या हाताला काय झालं?" हे ऐकून घेते. पण मग कीबोर्ड. त्याला दोन्ही हातांची नखं बारीक हवीत, नाहीतर हळव्या जागी सुरांपेक्षा पट्ट्यांवरची टकटकच जास्त ऐकू येते, विरहगीतात कोणीतरी टायपिंग करत बसल्यासारखी. त्यामुळे क्रम ठरलेला, आधी गिटारचं सगळं उरकायचं, मग नखं कापायची, मग कीबोर्ड. आणि कीबोर्ड झाला की त्याच रात्री डोक्यात येतं की दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी गिटारचा एक छोटासा तुकडा काय सुंदर लागेल! नखं महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतात. "नवीन गाणं कधी येतंय?" असं कोणी विचारलं की मी आधी उजवा हात बघते आणि मग तारीख सांगते.

दुसरा शत्रू पंखा. चांगला माइक घेतला ना की तो तुमच्या गाण्याइतक्याच आवडीने बाकीचं सगळं पण ऐकतो, पंखा, भिंतीवरचं घड्याळ, खुर्चीचं कुरकुरणं, खालच्या मजल्यावरची स्कूटर. म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद, दार बंद, फटीत पांघरूण. दहा मिनिटांत खोलीची भट्टी होते, आणि इथे विज्ञान मध्ये पडतं. हवा तापली की बासरीचा सूर चढतो. तार तापली की सैल होते आणि गिटारचा सूर उतरतो. म्हणजे एकाच खोलीत, एकाच गाण्यात, माझ्याच बँडमधले दोन सदस्य विरुद्ध दिशेला चालू पडतात आणि कीबोर्ड मध्ये ढिम्म बसलेला असतो, त्याचा 'ए' हा सूर कायम ४४० हर्ट्झला, त्याला ऊन नाही थंडी नाही. त्याला हलवता येत नाही म्हणून गिटार पिळायची, बासरी तोंडाजवळ जराशी फिरवून खाली ओढायची, तोपर्यंत मला इतका घाम आलेला असतो की पंखा लावावाच लागतो, आणि पंखा लावला की दोघेही आपापल्या जागी परत. असो.

शिवाय बटण दाबायलाही मीच. लॅपटॉपवर रेकॉर्ड दाबायचं, टक-टक-टक-टक अशा दोन मेजरच्या, म्हणजे आठ ठोक्यांच्या, इशाऱ्यात खोलीच्या दुसऱ्या टोकाला पळायचं, हेडफोनच्या वायरवरून उडी मारायची, बसायचं, गिटार मांडीवर घ्यायची आणि शांत, प्रेमळ, तरल मूड आणायचा. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत या सगळ्याला बरोबर ४ सेकंद मिळतात. माझ्या जुन्या रेकॉर्डिंग्जमध्ये पहिल्या सुराच्या आधी धापा ऐकू येतात, एकाने ते ऐकून "इंट्रोमध्ये काय इंटिमेट फील आहे" असं म्हटलं होतं. मी दुजोरा दिला.

आणि आपण वाजवतो ते कॉम्प्युटरमधून फिरून हेडफोनमध्ये जरा उशिरा येतं, ते वेगळंच. १० मिलिसेकंद म्हटलं तर काही नाही, तेवढ्यात आवाज हवेतून जेमतेम साडेतीन मीटर जातो. पण ते वाढत वाढत ३०-४० वर गेलं की दहा-बारा मीटर लांब कोणीतरी आपल्याच गाण्यावर आपल्या मागून मागून वाजवतंय आणि ती बाई आपणच आहोत असा भास होतो. बफर, म्हणजे कॉम्प्युटर आवाज पुढे सोडण्याआधी जेवढा साठवून घेतो तो, कमी केला की उशीर जातो आणि आवाजात कडकड सुरू होते, वाढवला की कडकड जाते आणि ती बाई परत येते.

पण हे सगळं परवडलं. शेकर नको.

शेकर म्हणजे मूठभर मणी भरलेलं प्लास्टिकचं अंडं. वाद्यांच्या दुकानात काउंटरवरच्या टोपलीत पडलेलं असतं आणि जगाचा समज असा की ज्याला काहीच येत नाही त्याच्या हातात ते द्यायचं. एकदा पूर्ण गाणंभर वाजवून बघा. साडेतीन मिनिटांचं गाणं, मिनिटाला १०० ठोके, ठोक्याला ४ झटके, म्हणजे १४०० झटके, आणि सगळे एकसारखे. त्यात हात पुढे नेला की मणी एका बाजूला आपटतात तो आवाज जोरात, मागे आणला की दुसऱ्या बाजूचा मऊ. शिवाय मण्यांना आतल्या आत पलीकडे पोचायला अंमळ वेळ लागतो म्हणून हात ठोक्याच्या किंचित आधी हलवायला लागतो, पण किंचितच, जास्त आधी हलवला तर गाणं बस पकडायला निघाल्यासारखं वाटतं. पहिल्या अंतऱ्यापर्यंत माझं छान चालतं. दुसऱ्या अंतऱ्यात खांदा भरून येतो. शेवटच्या ध्रुवपदाला हात आपला आपण हलत असतो आणि मी फक्त प्रेक्षक.

नेमक्या अशाच एका क्षणी, म्हणजे टेक, एका दमातलं रेकॉर्डिंग, शेवटपर्यंत जिवंत राहिलेला, आईने दार उघडलं. आता तिच्या बाजूने बघा. गाणं माझ्या हेडफोनमध्ये, तिला ऐकू येतंय ते फक्त छक्-छक्-छक्-छक्. पंखा बंद, मुलगी घामाने निथळतेय, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर वेदना आणि एक मूठ हवेत थरथरतेय. "अगं बाई, काय होतंय तुला?" हे वाक्य त्या टेकमध्ये अतिशय स्वच्छ रेकॉर्ड झालंय, लयीत पण आहे.

मग हुशार लोक सल्ला देतात की एवढं कशाला, दोन मेजर वाजव आणि कॉपी-पेस्ट कर. केलंय ना. होतं काय की तोच बारीकसा अडखळलेला झटका दर दोन मेजरला येतो, आणि एकदा कानाला सापडला की मग गाण्यात दुसरं काही ऐकूच येत नाही.

माझा भाऊ अशा वेळी मला प्रिन्स या अमेरिकन गायकाचं उदाहरण देतो. १९७८ साली त्याने पहिल्या अल्बमवर एकट्याने २७ वाद्यं वाजवली, आणि तू एका अंड्यासाठी रडतेस. मी ती यादी काढून वाचली. तिच्यात टाळ्या आणि चुटक्या पण आहेत. माणूस थोरच, त्यात वाद नाही, पण हा हिशोब मला फारच आवडला आणि तेव्हापासून कोणी विचारलं की मी माझी वाद्यं पण त्याच उदार मनाने मोजते.

शब्दांचं बोलायचं तर माझी चाल आधी येते. चाल विसरू नये म्हणून तिच्यात तोंडाला येतील ते शब्द कोंबून फोनमध्ये गाऊन ठेवायचं, खरे शब्द सावकाश शोधू, असा बेत. तर एका अत्यंत उदास चालीत मी त्या क्षणी समोर जे दिसलं ते घातलं, "टेबलावरची उचल पिशवी". मग महिनाभर पिशवीच्या जागी शोभेल असा शब्द शोधतेय. त्या 'वी'वर सूर वर जाऊन लांबतो. तिथे 'आठवण' घातलं तर 'ण'वर जीभ टाळूला चिकटून सूर तिथेच मरतो. 'विरह' घातलं तर 'ह' नुसता हवेत जातो. 'सावली' बसतं, पण टेबलावरची सावली कोण उचलणार? शेवटी टेबल, उचलणं आणि पिशवी तिन्ही ठेवून अंतरे त्याभोवती लिहिले, की ती निघून गेली आणि पिशवी राहिली. ऐकणाऱ्या एकाने हे प्रतीक फार अंगावर आलं असं कळवलंय.

आता लाइव्ह. रेकॉर्डिंगमध्ये मी पाच जणी असते, स्टेजवर एक. त्यावर उपाय लूप पेडल. पायाने एकदा दाबलं की वाजवलेलं साठवतं, पुन्हा दाबलं की तेच फिरवत बसतं, त्यावर मग दुसरा थर, तिसरा थर. पाय पाव मात्रा उशिरा पडला तर तो उशीर गाणं संपेपर्यंत प्रत्येक आवर्तनाला हजेरी लावतो, आणि थर चढेपर्यंतची पहिली दोन मिनिटं प्रेक्षकांना वाटतं बाई अजून जुळवाजुळवच करतायत.

मागे एका आयोजकांचा फोन आला. किती जण येणार म्हणाले. म्हटलं, मी एकटीच. "आणि बँड?" मीच. थोडा वेळ शांतता, मग, "म्हणजे मानधन एकाचंच ना?" मी म्हटलं हो, पण सामान पाच जणांचं आहे, माइक आठ लागतील, साउंड चेकला दोन तास द्या आणि स्टेजवरचे पंखे बंद ठेवावे लागतील.

"मॅडम," ते म्हणाले, "त्यापेक्षा आम्ही बँडच बोलावतो."