काम असल्याशिवाय इतवारी दिसत नाही

मागच्या महिन्यात आईचा पितळेचा गंज घेऊन इतवारीत, आपल्या नागपूरच्या जुन्या बाजारात, गेली होती, तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे. (पुण्याकडच्या मैत्रिणींनो, गंज म्हणजे पातेलं.) आतली कल्हई पूर्ण उडालेली, दोनदा कढी केली आणि दोन्ही वेळा कळकली. घराजवळच्या एका मोठ्या भांड्यांच्या शोरूममध्ये विचारलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणे, मॅडम आता कल्हई कोणी करत नाही, मोडीत द्या, वजनावर स्टीलचं देतो. ज्या गंजात आईनं चाळीस वर्षं घरचं वरण शिजवलं तो वजनावर! मी काही बोलली नाही, गंज पिशवीत टाकला आणि घरी आली, पण रात्रभर ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुभाषनगरहून मेट्रोत बसली आणि चितारओळीला उतरली. मेट्रोवाल्यांनी एक काम फार चांगलं केलं बरं का, स्टेशनला चितारओळीचंच नाव ठेवलं. आता ज्या पोरांनी आयुष्यात तिथे पाय ठेवला नाही त्यांच्याही कानावर ते नाव रोज पडतं. चितारओळ म्हणजे चिताऱ्यांची, मूर्ती घडवणाऱ्यांची ओळ. पावसाचे दिवस, बाप्पा अजून ओले, बिनरंगाचे, कोणाला सोंड आहे पण हात नाहीत, वर ताडपत्री बांधलेली आणि सगळीकडे ओल्या मातीचा वास. एक आजोबा पाटावर बसून फक्त बोटं करत होते. छोट्या छोट्या बोटांची रांग लावलेली समोर. मी पाच मिनिटं नुसती उभी होती, त्यांनी मान वर केली नाही.

हे ‘ओळ’ प्रकरण आपल्या नागपूरचं खास आहे. सराफा ओळ, किराणा ओळ, लोहा ओळ. एका धंद्याची सगळी दुकानं एका रांगेत. लहानपणी मला वाटायचं हे काय, सगळे एकच वस्तू विकतात तर यांचं पोट कसं भरतं? आता समजतं. एकाकडे नसलं तर तो स्वतःच सांगतो, वहिनी, दोन दुकानं सोडून विचारा, त्याच्याकडे असंल. चार दुकानं फिरलं की भाव आपोआप कळतो, कोणी फसवू शकत नाही कारण शेजारचा बघून राहिलाय. आणि ज्याला त्या धंद्यातलं काही दुरुस्त करता येतं तो माणूस त्याच ओळीच्या मागे कुठंतरी बसलेला असतो, बिनापाटीचा. गूगल मॅपवर तो कधीच सापडणार नाही, ओळीतल्या कोणालाही विचारा, हात करून दाखवतात.

मलाही असंच हात करून दाखवलं. दोन दुकानांच्या मधून एक बोळ, एक बाई तांब्याचा गुंड (पाण्याचं भांडं) घेऊन निघाली तर समोरच्याला थांबावं लागंल इतका अरुंद, आणि आत एक काका, समोर कोळशाची भट्टी, बाजूला हाताने फिरवायचा पंखा. मी गंज काढला, त्यांनी आत बोट फिरवलं आणि म्हणाले, ताई, लई दिवस वाट पाहायला लावली तुम्ही याला. खरं सांगते, डोळ्यात पाणी आलं.

मग त्यांनी गंज घासून स्वच्छ केला, भट्टीवर उलटसुलट तापवला, चिमटीभर नवसागर टाकला, भस्सकन पांढरा धूर, नाकातोंडात तो झणझणीत वास. मग कथलाची कांडी आत नुसती टेकवली, ते विरघळलं, आणि कापसाच्या बोळ्यानं असं एका दमात गोल फिरवलं की काळवंडलेला गंज डोळ्यांसमोर चांदीसारखा होत गेला. गार पाण्यात टाकला, चर्र झालं, संपलं. दहा मिनिटं पण नाही लागली. पितळेला आंबट लागलं की ते कळकतं म्हणून मध्ये कथलाचा हा पातळ थर, एवढंच ते शास्त्र. पण भांडं किती तापलं हे काका रंगावरून ओळखतात, थर्मामीटर वगैरे काही नाही. जास्त तापलं तर कथील जळतं, कमी तापलं तर धरत नाही. हे त्यांच्यानंतर कोण ओळखणार? मुलगा नोकरी करतो म्हणाले, आणि त्यात चुकीचं काहीच नाही, रोज तो धूर छातीत घेणं सोपं नाही.

आजकाल ‘नागपूरच्या लपलेल्या जागा’ म्हणून रील येतात ना, ते बघून मला मनापासून वाईट वाटतं. लपलेलं काय आहे तिथे? भर रस्त्यावर बसलेत लोक पिढ्यान्‌पिढ्या. आपलं काम पडेनासं झालं म्हणून आपल्याला दिसेनासे झाले. नुसतं फिरायला गेलं तर इतवारी म्हणजे गर्दी, हॉर्न, हातठेले आणि डोक्यावर लोंबणाऱ्या वायरी, बस. पण हातात एक फुटकी, बिघडलेली, जुनी वस्तू घेऊन जा, मग बघा ते सगळं कसं उघडतं.

आपल्या शहरात आठवडाच वस्त्यांमध्ये वाटून दिलाय. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी. १७०२ मध्ये गोंड राजा बख्त बुलंद शहानं बारा वाड्या एकत्र करून शहर वसवलं, पुढे त्याच्या मुलाच्या, चांद सुलतानच्या काळात तट आणि वेशी झाल्या, आजचं गांधी गेट म्हणजे तेव्हाचा जुम्मा दरवाजा. आणि गांधीसागर तलावाला अजूनही अर्धं नागपूर शुक्रवारी तलाव म्हणतं, काहीजण जुम्मा तलाव म्हणतात, म्हणजे वार तोच, फक्त भाषा दोन. मला हे फार आवडतं. त्याच भागात १ जानेवारी १८७७ ला जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. आता तिथे मॉल आहे. मॉलला माझा विरोध नाही, मीही जाते, पोरांचे कपडे तिथूनच घेते. पण मिलच्या भोंग्यावर ज्यांचा दिवस चालायचा त्या वस्त्यांचं काय झालं हे कोणी विचारत नाही.

म्हणून इतवारीतला रस्ता रुंद करायची चर्चा निघाली की माझ्या पोटात गोळा येतो. ट्रॅफिकचा त्रास खरा आहे, ॲम्ब्युलन्स अडकते, आग लागली तर बंब आत जात नाही, हे मान्य. पण दोन बाजूंनी दहा-दहा फूट कापले की पाटीवाली मोठी दुकानं मागे सरकतात, बोळातले काका कुठे सरकणार? त्यांच्या नावावर ना दुकान ना कागद. त्यापेक्षा चारचाकी बंद करा ना आत, दिवसा काही तास तरी! मेट्रो सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूपर्यंत आलीच आहे, तिथून पायी चाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत (मिरवणुकीतले मोठाले पुतळे) नेहरू पुतळ्यापाशी भेटतात तेव्हा याच गल्ल्यांमध्ये मुंगी शिरणार नाही एवढी गर्दी असते, लोक गॅलऱ्यांत, गच्च्यांवर उभे, ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून ओरडतात. पिवळी मारबत १८८५ पासून निघते. तेव्हापासून आपण या रस्त्यांवर पायीच चालत आलोय की.

गंज घरी आणला, त्याच रात्री कढी केली. वरून बारीक सांबार (म्हणजे कोथिंबीर). लेक म्हणाली आई आज वेगळी लागते, मी म्हटलं वेगळी नाही, आजीसारखी लागते.

आता आईचा पाटा राहिलाय. वाटून वाटून गुळगुळीत झालाय, चटणी नुसती घसरते, त्याला टाकी लावून घ्यायची आहे, म्हणजे छिन्नीनं ठोकून परत खरखरीत करायचा. टाकीवाला कुठे बसतो ते मला माहीत नाही, पण कल्हईवाल्या काकांना नक्की माहीत असणार. शनिवारी जाते.