आवाज तुटतो म्हणून ‘रिअलटाइम’ देण्याचा अघोरी उपाय

‘गेम अडखळतो तो आवाजामुळे, ही पाच सेटिंग्ज करा आणि एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) दुप्पट करा’ असा एक संदेश सध्या गटागटांतून फिरतो आहे. माझ्या भाच्याने तो तंतोतंत पाळला आणि गेम सुरू होताच माउससुद्धा हलेनासा झाल्यावर मला फोन केला, म्हणून हे लिहिणे भाग पडले. संदेशातील सूचना थोडक्यात अशा: टास्क मॅनेजरमध्ये ऑडिओडीजी या विंडोजच्या आवाज हाताळणाऱ्या प्रोसेसला ‘रिअलटाइम’ प्रायॉरिटी देऊन तिला प्रोसेसरच्या फक्त शून्य क्रमांकाच्या कोअरवर बांधा, आवाजाचा सॅम्पल रेट (सेकंदाला ध्वनीचे किती नमुने) १,९२,००० हर्ट्झ करा, रजिस्ट्रीत ‘सिस्टिम रिस्पॉन्सिव्हनेस’ (पार्श्वभूमीच्या कामांसाठी राखलेला प्रोसेसरचा वाटा) शून्य करा, बीसीडीएडिट या बूट सेटिंग्ज बदलणाऱ्या कमांडने ‘यूज प्लॅटफॉर्म क्लॉक’ चालू करा, आणि ऑडिओ एन्हान्समेंट्स बंद करा.

पहिली सूचना सर्वांत घातक आहे आणि नेमकी तीच सर्वांत आवडीने पुढे पाठवली जाते. विंडोजमध्ये सर्व प्रोग्रॅमचे आवाज एकत्र मिसळून ध्वनी उपकरणाकडे सोपवले जातात, आणि शेअर्ड मोडमध्ये, म्हणजे अनेक प्रोग्रॅम एकच उपकरण वापरताना, हे काम साधारणपणे दर १० मिलिसेकंदांनी होते. ४८,००० हर्ट्झला याचा अर्थ असा की दर वेळी प्रत्येक चॅनेलचे ४८० नमुने तयार असावे लागतात. ते वेळेवर पोहोचले नाहीत तर उपकरणापाशी वाजवायला काहीच उरत नाही आणि आपल्याला ‘खर्र’ असा तुटका आवाज ऐकू येतो. हे काम वेळेत व्हावे यासाठी मल्टिमीडिया क्लास शेड्युलर ही सेवा व्हिस्टापासून ध्वनीच्या थ्रेडना (प्रोसेसमधील कामाच्या स्वतंत्र धाग्यांना) आपणहून वरचा क्रम देत आली आहे. मग ते थ्रेड अडतात कुठे? बहुतेक वेळा ते एखाद्या ड्रायव्हरच्या डीपीसीपाशी, म्हणजे हार्डवेअरच्या हाकेनंतर पुढे ढकललेल्या कामापाशी अडतात. हे काम ज्या कोअरवर चालू असते तिथे कोणताही थ्रेड चालू शकत नाही, मग त्याची प्रायॉरिटी रिअलटाइम का असेना. मायक्रोसॉफ्टची ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना सूचना आहे की डीपीसी १०० मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त चालू नये. वाय-फायचा किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर ही मर्यादा मिलिसेकंदांनी ओलांडत असेल, तर ऑडिओडीजीला कितीही बढती दिली तरी ती ताटकळतच राहणार. शिवाय अनेक संगणकांवर या हाकांचा मोठा वाटा शून्य क्रमांकाच्या कोअरवरच येतो, आणि संदेश आवाजाला नेमका तिथेच नेऊन बांधायला सांगतो!

रिअलटाइमबद्दल मायक्रोसॉफ्टच्याच दस्तऐवजात स्पष्ट इशारा आहे. या वर्गातील थ्रेड इतर सर्व प्रोसेसना, अगदी महत्त्वाची कामे करणाऱ्या सिस्टिमच्या प्रोसेसनाही, बाजूला सारतात. अशी प्रोसेस क्षणभरापेक्षा जास्त चालली तर डिस्क कॅशमधील माहिती डिस्कवर उतरणे अडू शकते किंवा माउस प्रतिसाद देईनासा होऊ शकतो. भाच्याच्या संगणकावर काय घडले याचे वर्णन मला याहून नेमके करता येणार नाही. ज्यांना हा उपाय ‘लागू पडला’ ते बहुधा ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार नसताना तो करत असावेत, कारण तेव्हा टास्क मॅनेजर रिअलटाइमऐवजी गुपचूप ‘हाय’ देतो. आभासी ऑडिओ मिक्सर वापरणाऱ्या काहींना ऑडिओडीजीला ‘हाय’ देऊन एखाद्या मोकळ्या कोअरवर ठेवल्याने फरक पडतो, एवढे मान्य करावे लागेल. पण ती प्रोसेस नव्याने सुरू झाली की सेटिंग पुसले जाते.

१,९२,००० हर्ट्झची सूचना तर स्वतःच्याच उद्देशाविरुद्ध जाते. गेमचा आवाज सहसा ४८,००० हर्ट्झचा असतो. तो चौपट दराने रूपांतरित करून मिसळायचा म्हणजे काम वाढवायचे, आणि त्यातून गेमचा वेग वाढेल अशी आशा धरायची. रजिस्ट्रीतील शून्याबद्दल फार लिहायला नको, कारण विंडोज तो शून्य म्हणून स्वीकारतच नाही. प्लॅटफॉर्म क्लॉकची, म्हणजे वेळ मोजण्यासाठी प्रोसेसरबाहेरच्या संथ घड्याळाची, सक्ती केल्यास वेळ विचारण्याचे प्रत्येक काम महाग होते. २०१८ मध्ये आनंदटेक या हार्डवेअर तपासणाऱ्या संकेतस्थळाला प्रोसेसरच्या चाचण्यांचे आपलेच निकाल या एका सक्तीमुळे पुन्हा तपासावे लागले होते. एन्हान्समेंट्स बंद करण्याची सूचना मात्र बरोबर आहे, हे नाइलाजाने कबूल करतो. उत्पादकाने लादलेले ‘सराउंड’सारखे इफेक्ट खरोखरच आवाज तोडू शकतात आणि ते बंद करण्यात धोका काही नाही.

मूळ घोटाळा असा की आवाज तुटणे आणि चित्र अडखळणे ही दोन वेगळी दुखणी असताना संदेश दोन्हींना एकच औषध देतो. आवाज तुटत असेल तर ड्रायव्हरांना लागणारा वेळ मोजणारा लेटन्सीमॉन हा प्रोग्रॅम चालू ठेवून थोडा वेळ गेम खेळावा आणि कोणत्या ड्रायव्हरचा वेळ सर्वांत जास्त दिसतो ते पाहावे. वाय-फायचा दिसला तर तो अडॅप्टर तात्पुरता बंद करून आवाज सुधारतो का ते तपासावे, आणि सुधारल्यास तोच ड्रायव्हर बदलावा. चित्र अडखळत असेल तर ध्वनी उपकरण काही वेळ डिसेबल करून फ्रेमटाइमचा, म्हणजे प्रत्येक चित्राला लागणाऱ्या वेळेचा, आलेख पाहावा. गेममधला आवाज नुसता शून्यावर नेणे पुरत नाही, कारण त्यानंतरही मिसळण्याचे काम मागे चालू असू शकते. आलेखातील उंच टोके तशीच राहिली तर आवाजाचा संबंध नाही, आणि शोध शेडर (ग्राफिक्स कार्डावर चालणारे छोटे प्रोग्रॅम) कंपाइल होण्याकडे किंवा डिस्ककडे वळवावा. टोके खरोखर गेली तर गेमच्या सेटिंग्जमध्ये एकाच वेळी वाजणाऱ्या आवाजांची संख्या किंवा ध्वनीचा दर्जा कमी करण्याचा पर्याय असल्यास तो वापरून पाहावा.

ज्यांनी हा संदेश आधीच पाळला आहे त्यांनी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये बीसीडीएडिटच्या ‘डिलीट व्हॅल्यू’ने प्लॅटफॉर्म क्लॉकची नोंद काढावी, सिस्टिम रिस्पॉन्सिव्हनेस मूळच्या २० वर आणावा, सॅम्पल रेट ४८,००० करावा आणि संगणक रीस्टार्ट करावा, ऑडिओडीजीची प्रायॉरिटी त्याबरोबर आपोआप पूर्ववत होते.