वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर दुप्पट होत नाही

'गतीच्या प्रकरणात शाळा चुकीच्या शिकवते अशा पाच गोष्टी' या मथळ्याचा एक संदेश सध्या मोबाइलवरून हातोहात पसरतो आहे. माझा भाचा मोटार चालवायला शिकतो आहे. त्याने हा संदेश मला पाठवला आणि विचारले की, हे खरे असेल तर ती सूत्रे घोकायची कशासाठी? अशा संदेशांकडे मी एरवी लक्ष देत नाही. परंतु या पाचपैकी एक दावा असा आहे की, तो खरा मानून कोणी वाहन चालवले, तर त्याची किंमत रस्त्यावरच्या माणसाला जिवाने मोजावी लागेल; म्हणून हे सविस्तर उत्तर.

संदेशातले दावे थोडक्यात असे आहेत. वाहनाचा वेग दुप्पट केला तर ब्रेक लावल्यावर थांबण्याचे अंतरही दुप्पटच होते, अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हे वर्गाचे सूत्र केवळ परीक्षेपुरते असते. जाताना ताशी ६० आणि येताना ताशी ४० किलोमीटर असेल तर सरासरी ५० येते. वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच बिंदूवर थांबतो, म्हणून तिथे त्याचे त्वरणही, म्हणजे वेग बदलण्याचा दरही, शून्य असतो. जड वस्तू हलक्या वस्तूच्या आधीच जमिनीवर येते आणि दोन्ही एकदमच पडतात हे गॅलिलिओचे म्हणणे प्रत्यक्षात कोठेही खरे ठरत नाही. आणि शेवटी, २०१९ मध्ये किलोग्रॅमची व्याख्या बदलल्यामुळे त्यापूर्वीची सगळी मोजमापे चुकीची ठरली आहेत.

पहिला दावा सर्वांत घातक आहे, म्हणून त्यालाच सर्वाधिक जागा देतो. तो चूक आहे हे ओळखण्यासाठी सूत्र पाठ असण्याचीही गरज नाही, केवळ एकके तपासली तरी पुरे. वेगाचे एकक मीटर प्रति सेकंद आणि त्वरणाचे एकक मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. वेगाला त्वरणाने भागले की उत्तरात फक्त सेकंद उरतात, म्हणजे हाती येतो तो वेळ. उत्तर मीटरमध्ये हवे असेल तर वेगाचा वर्ग घेऊन त्याला त्वरणाने भागण्यावाचून इलाज नाही. संदेश लिहिणाऱ्याची गल्लत नेमकी इथे झाली आहे. ब्रेकमुळे वेग दर सेकंदाला सारखाच कमी होत असेल, तर दुप्पट वेगाच्या गाडीला थांबायला दुप्पट वेळ लागतो, हे अगदी बरोबर आहे. पण त्या दुप्पट वेळात ती गाडी सरासरी दुप्पट वेगाने धावत असते, त्यामुळे ती चौपट अंतर कापते. वेळेबद्दलचे खरे विधान उचलून अंतराला चिकटवायचे आणि वर शाळेलाच खोटे ठरवायचे, हा प्रकार मला संतापजनक वाटतो.

ही चूक नवीही नाही, तिला चारशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. स्थिर अवस्थेतून खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग तिने कापलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो, असे खुद्द गॅलिलिओ १६०४ मध्ये मानत होता आणि व्हेनिसमधील विद्वान पाओलो सार्पी यांना लिहिलेल्या पत्रात त्याने तसे नमूद केले होते. वेग अंतराच्या प्रमाणात असतो म्हणजेच दुप्पट वेगासाठी दुप्पट अंतर लागते. संदेशातला दावा तो हाच, फक्त उलट्या दिशेने वाचलेला. पुढे गॅलिलिओने हे मत सोडून दिले. १६३८ मध्ये लायडन येथे छापलेल्या, दोन नव्या शास्त्रांवरील आपल्या संवादरूप ग्रंथात त्याने हा चुकीचा विचार एका पात्राच्या तोंडी घातला, दुसऱ्या पात्राकरवी तो खोडून काढला आणि ग्रंथकर्ताही एके काळी याच चुकीत होता, हे तिथेच सांगून टाकले. त्याच ग्रंथात त्याने दिलेले प्रयोगाचे वर्णन या वादात निर्णायक आहे.

सुमारे १२ हात लांबीची लाकडी फळी, तिच्या कडेत एक बोटाहून थोडी रुंद, सरळ आणि गुळगुळीत खाच, खाचेत चिकटवलेला चर्मपत्राचा पातळ थर आणि कठीण, गोल, घासून चकचकीत केलेला कांस्याचा गोळा एवढेच त्याचे साहित्य होते. फळीचे एक टोक एक-दोन हात उंच करून गोळा सोडायचा आणि त्याला खाली यायला किती वेळ लागतो ते मोजायचे. सेकंद मोजणारे घड्याळ त्या काळी उपलब्ध नव्हते. म्हणून उंचावर ठेवलेल्या पाण्याच्या मोठ्या भांड्याच्या तळाला बारीक नळी बसवून, गोळा घरंगळत असताना पडलेले पाणी त्याने काटेकोर तराजूवर तोलले. पाण्याच्या वजनांचे गुणोत्तर तेच वेळांचे गुणोत्तर. गोळ्याला संपूर्ण लांबीऐवजी केवळ चतुर्थांश लांबी घरंगळू दिले तेव्हा वेळ बरोबर निम्मा लागला. निरनिराळ्या लांबी आणि निरनिराळे उतार घेऊन, पूर्ण शंभर वेळा पुनरावृत्ती करून त्याने तपासले आणि प्रत्येक वेळी अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणातच आले. वेग वेळेच्या प्रमाणात वाढतो आणि अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात, यातून अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते हे आपोआप निघते. एकसारखा ब्रेक लागलेल्या गाडीची गती ही या उतारावरील गतीचीच उलट बाजू आहे. ज्याला वर्गाचे सूत्र 'परीक्षेपुरते' वाटते, त्याने एक फळी आणि एक गोळा घेऊन स्वतः पाहावे.

आता आकडे. कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने वेग दर सेकंदाला ७ मीटर प्रति सेकंद या दराने कमी होतो आणि अडथळा दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत चालकाचा १ सेकंद जातो, असे धरू. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर. या वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागण्याआधीच ११.१ मीटर पुढे जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी ८.८ मीटर, म्हणजे एकूण सुमारे २० मीटरमध्ये थांबते. ताशी ८० किलोमीटर वेगाला हेच आकडे २२.२ आणि ३५.३ मीटर होतात, एकूण सुमारे ५७.५ मीटर. प्रतिक्रियेच्या एका सेकंदात कापलेले अंतर वेगाबरोबर दुप्पटच होते, एवढी सवलत मी या दाव्याला नाइलाजाने देतो. तरीही एकूण अंतर जवळजवळ तिप्पट झाले आहे. आणि रस्ता ओला असून ब्रेकचा परिणाम निम्म्यावर आला, तर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दुप्पट होऊन हे गुणोत्तर चारकडे आणखी सरकते.

याहून महत्त्वाचा हिशेब मी भाच्याला करून दाखवला. दोन गाड्या शेजारीशेजारी चालल्या आहेत, एक ताशी ६० आणि दुसरी ताशी ८० किलोमीटर वेगाने, आणि दोघींच्या चालकांना अडथळा एकाच क्षणी दिसतो. पहिली गाडी प्रतिक्रियेचे १६.७ आणि ब्रेकचे १९.८ असे ३६.५ मीटर अंतर कापून पूर्ण थांबते. दुसऱ्या गाडीचे २२.२ मीटर प्रतिक्रियेतच गेलेले असतात, ब्रेकसाठी तिला १४.३ मीटरच मिळतात, आणि पहिली जिथे थांबली त्याच रेषेवरून दुसरी ताशी सुमारे ६२ किलोमीटर वेगाने पुढे जाते. सुरुवातीच्या वेगात फरक २० चा होता; त्या रेषेवर एकीचा वेग शून्य आणि दुसरीचा ६२ आहे. रेषेवर माणूस उभा असेल, तर एक गाडी त्याला स्पर्शही करत नाही आणि दुसरीच्या धडकेतून तो वाचण्याची आशा फार थोडी. वर्गाच्या सूत्राला परीक्षेपुरते म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा तरी स्वतः करायला हवा होता.

सरासरीच्या दाव्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. अंतर एका बाजूचे १२० किलोमीटर धरा. जायला २ तास आणि यायला ३ तास लागतात, म्हणजे २४० किलोमीटरला ५ तास, सरासरी चाल ताशी ४८. ५० हे उत्तर दोन्ही चालींनी सारखाच वेळ प्रवास झाला तरच येते. इथे सारखे आहे ते अंतर, आणि हळू चालीने अधिक वेळ गेल्यामुळे सरासरी तिच्याकडे झुकते. या युक्तीचा फोलपणा आणखी एका उदाहरणात उघड होतो. जाताना ताशी ३० किलोमीटर चाल ठेवली आणि दोन्ही फेऱ्यांची सरासरी ६० हवी असेल, तर येताना किती चाल हवी? संदेशाच्या हिशेबाने ९०. वास्तविक दोन्ही फेऱ्यांसाठी जेवढा वेळ मिळायचा तेवढा जाण्यातच संपलेला असतो, त्यामुळे कोणत्याही चालीने ती सरासरी गाठता येत नाही. विस्थापन, म्हणजे निघाल्या ठिकाणापासून पोहोचल्या ठिकाणापर्यंतचे सरळ अंतर, शून्य असल्यामुळे या प्रवासाचा सरासरी वेग मात्र शून्यच असतो, आणि चाल आणि वेग या दोन राशी वेगळ्या का ठेवल्या आहेत हे विद्यार्थ्याला इथे चांगले समजते.

चेंडूच्या बाबतीत संदेशाने वेग आणि वेगातला बदल यांची सरमिसळ केली आहे. सर्वोच्च बिंदूवर वेग शून्य असतो, पण तिथे त्वरणही शून्य असते तर वेग शून्यावरून बदललाच नसता आणि चेंडू तिथेच अधांतरी राहिला असता. सर्वोच्च बिंदूच्या एक सेकंद आधी त्याचा वेग वरच्या दिशेने ९.८ मीटर प्रति सेकंद असतो आणि एक सेकंदानंतर तेवढाच खालच्या दिशेने; म्हणजे दोन सेकंदांत १९.६ चा बदल, दर सेकंदाला ९.८, आणि तो मधल्या क्षणीही थांबत नाही. चेंडू वर जाताना, शिखरावर आणि खाली येताना पृथ्वी त्याला सारख्याच बलाने ओढत असते.

जड आणि हलक्या वस्तूंच्या दाव्यात अर्धे सत्य आहे, ते मान्य करायला हवे. हवेत पीस आणि दगड एकदम खाली येत नाहीत, आणि सारख्याच आकारमानाचे एक पोकळ व एक भरीव गोळे पुरेशा उंचीवरून सोडले तर भरीव गोळा आधी पोहोचतो, कारण सारख्याच वेगाला हवेचा विरोध दोघांना सारखा होतो, परंतु हलक्या गोळ्याच्या वजनाच्या तुलनेत तो मोठा ठरतो. मात्र हे गॅलिलिओला ठाऊक नव्हते, हा संदेशाचा आव खोटा आहे. वर उल्लेखिलेल्या ग्रंथातच तो सांगतो की, ॲरिस्टॉटलच्या मते १०० पौंडांचा गोळा १०० हात खाली येतो तेव्हा १ पौंडाचा गोळा एक हातही उतरलेला नसतो, आणि प्रत्यक्षात मात्र मोठा गोळा लहान गोळ्याच्या केवळ दोन बोटे पुढे असतो. या दोन बोटांच्या फरकाआड ॲरिस्टॉटलची ९९ हातांची चूक लपवू नका, असेही तो बजावतो. संदेश आज नेमके तेच करतो आहे. इटलीतील पिसा शहराच्या झुकत्या मनोऱ्यावरून गॅलिलिओने गोळे टाकल्याची कथा त्याचा शिष्य विव्हियानी याच्या लेखनातून आली आहे आणि तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. पण १५८६ मध्ये फ्लेमिश गणितज्ञ सायमन स्टेव्हिनने, एक दुसऱ्याच्या दहापट जड असे शिशाचे दोन गोळे ३० फुटांवरून टाकल्याचे आणि दोघांचा आवाज एकच आल्याचे स्वतः नोंदवले आहे. 'कोठेही खरे ठरत नाही' याचे उत्तर तर १९७१ च्या ऑगस्टमध्ये चंद्रावर मिळाले. अपोलो १५ मोहिमेचे अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचे पीस एकदम सोडले आणि हवा नसलेल्या त्या जागी दोन्ही एकदमच जमिनीवर टेकले. ते चित्रण कोणालाही पाहता येते.

राहिला किलोग्रॅम. पॅरिसजवळ सेव्ह्र येथे ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा दंडगोल १८८९ पासून किलोग्रॅमचे प्रमाण होता, आणि त्याच्या अधिकृत प्रतिकृतींशी तुलना केल्यावर शतकभरात सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडल्याचे आढळले. नोव्हेंबर २०१८ मध्ये व्हर्साय येथील परिषदेत ठराव झाला आणि २० मे २०१९ पासून किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या राशीवर, आधारलेला आहे. त्या स्थिरांकाची किंमत ठरवताना नवा किलोग्रॅम जुन्याशी दहा कोटींत एक भाग इतक्या अनिश्चिततेच्या आत जुळेल, याची काळजी घेतलेली होती. मीटरची व्याख्या १९८३ मध्ये प्रकाशाच्या वेगावरून नव्याने केली गेली, तेव्हाही हेच तत्त्व पाळले होते. ज्या ५० मायक्रोग्रॅमसाठी हा सगळा खटाटोप झाला, ते एका ग्रॅमच्या वीस हजाराव्या भागाइतके आहेत. ग्रॅमपर्यंत वाचणाऱ्या कोणत्याही तराजूवर त्यांचा मागमूसही लागत नाही, आणि अशा तराजूवर २०१९ च्या आधी घेतलेले प्रत्येक वजन आजही तेवढेच बरोबर आहे.