‘अ‍ॅनालॉग सिंथ कानानेच जुळवायचा’ : हे अर्धंच खरं आहे

मॉड्युलर सिंथेसायझरच्या, म्हणजे सुटे मॉड्यूल तारांनी जोडून वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक वाद्याच्या, नादी लागलेल्यांमध्ये एक मजकूर सारखा फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: अ‍ॅनालॉग यंत्र कानाने सुरात लावायचं, अगदीच वाटलं तर फोनवरचं ट्यूनर अ‍ॅप पुरे. मल्टिमीटर (व्होल्ट मोजणारा) आणि ऑसिलोस्कोप (विजेची लाट पडद्यावर दाखवणारा) ही दुरुस्तीवाल्यांची हत्यारं; ती टेबलावर आली की माणूस ऐकायचं सोडून बघत बसतो. शिवाय सूर थोडा सरकणं हाच अ‍ॅनालॉगचा स्वभाव, मग मोजायचं कशाला?

कानापासून सुरुवात करू. दोन ऑसिलेटर, म्हणजे सूर निर्माण करणारे मॉड्यूल, एका सुरात आणायचे असतील तर कानाला तोड नाही, हे मान्य. एक ४४० हर्ट्झवर आणि दुसरा ४४१ वर असला की आवाज सेकंदाला एकदा फुगतो आणि ओसरतो. तो डोल थांबेपर्यंत नॉब फिरवायचा, काम झालं. पण इथे कान फक्त तुलना करतो. ऑसिलेटरचा सूर त्याला दिलेल्या व्होल्टेजवर ठरतो. प्रत्येक व्होल्टला वारंवारता दुप्पट (म्हणजे सूर एक सप्तक वर) व्हायला हवी आणि वरच्या सप्तकात ती होत नाही, अशा वेळी कान एवढंच सांगतो की वर बेसूर आहे. का, ते सांगत नाही. आणि खरी मेख तिथेच आहे.

हिशेब बघा. एका सप्तकाला एक व्होल्ट, म्हणजे एका सेमीटोनला (सप्तकाच्या बाराव्या भागाला) सुमारे ८३ मिलिव्होल्ट आणि एका सेंटला (सेमीटोनच्या शंभराव्या भागाला) जेमतेम ०.८३. आता सीक्वेन्सरच्या (सुरांचे व्होल्ट एकामागून एक पाठवणाऱ्या मॉड्यूलच्या) आउटपुटला १ किलोओहमचा रेझिस्टर आहे आणि ऑसिलेटरचा इनपुट १०० किलोओहमचा आहे असं धरा. दोन्ही आकडे अगदी नेहमीचे. सीक्वेन्सरने ४ व्होल्ट पाठवले तर ऑसिलेटरपाशी ३.९६ पोचतात. ऑसिलेटर या जोडणीतच जुळवलेला असेल तर काही बिघडत नाही. मग तुम्ही साध्या, बिनबफरच्या मल्टिपलमधून (मल्टिपल म्हणजे एक सिग्नल अनेकांना वाटणारा फाटा, बफर म्हणजे घट न होऊ देणारं सर्किट) तीच कॉर्ड (जोडतार) दुसऱ्या ऑसिलेटरलाही देता. आता दोघांनाही ३.९२ च मिळतात. फरक ३९ मिलिव्होल्टचा, म्हणजे जवळजवळ ४७ सेंट. अर्धा सेमीटोन गेला! १ व्होल्टपाशी मात्र हीच घट १२ सेंटच्या आसपास असते, म्हणून खालचे सूर चालून जातात आणि वरचे लोंबतात.

कानाचा निवाडा ठरलेला: स्केल (व्होल्टमागे सूर किती चढतो ते माप) बिघडलं. स्क्रू-ड्रायव्हर निघतो, ट्रिमर (स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायचा बारीक नॉब) फिरतो, सूर जुळतो. दुसरी कॉर्ड काढली रे काढली की सगळं चढं वाजायला लागतं. याउलट मीटरचे प्रोब त्या कॉर्डवर धरले असते तर ३.९६ चे ३.९२ होताना डोळ्यांदेखत दिसलं असतं. उपाय बफर असलेल्या मल्टिपलचा, ट्रिमरला हात लावायची गरजच नव्हती. काही मॉड्यूलमध्ये तो रेझिस्टर ऑप-अ‍ॅम्पच्या फीडबॅकच्या आत घेतलेला असतो, म्हणजे सर्किट घट स्वतःच भरून काढतं, तिथे ही घट होत नाही. बाहेरून पॅनलकडे बघून ते कळत नाही, मीटरला कळतं.

चूक कशी वाढते यावरूनही रोग ओळखता येतो. लोडची, म्हणजे जोडलेल्या इनपुटने व्होल्ट खाल्ल्याची, चूक पहिल्या व्होल्टपासून सारख्या मापाने वाढत जाते. करवती लाटेच्या (हळूहळू चढून एकदम खाली येणाऱ्या) ऑसिलेटरला रीसेट व्हायला, म्हणजे पुन्हा खालून सुरू व्हायला, लागणारा वेळ नडत असेल तर खाली सगळं ठीक आणि अगदी वरच सूर उतरतो. त्यासाठी वेगळा ट्रिमर असतो. दोन्ही आजारांना स्केलचाच ट्रिमर फिरवणारे बरेच दिसतात.

ट्यूनर अ‍ॅप पुरे म्हणणाऱ्यांना एकच सांगायचं: तेही मोजमापाचंच साधन आहे, फक्त काटा सेंटमध्ये दाखवतं. एका बाबतीत तर ते फ्रिक्वेन्सी काउंटरपेक्षा (सेकंदातली आवर्तनं मोजणाऱ्या यंत्रापेक्षा) सरस ठरतं. एक सेकंद मोजणाऱ्या साध्या काउंटरला ५५ आणि ५६ हर्ट्झच्या मधलं काही दिसत नाही आणि त्या एका हर्ट्झमध्ये ३१ सेंट मावतात. खालच्या सुरांसाठी आवर्तनाचा काळ मोजणारा काउंटर हवा. उलट करवती लाट किंवा रेझोनन्स चढवलेला (एक वारंवारता ठळक करणारा) फिल्टर माइकवाटे अ‍ॅपकडे गेला की ते कधीकधी भलतंच सप्तक दाखवतं.

स्कोपने ऐकणं सुटतं, हा आरोप मला पटतच नाही. वीस सेकंदांत एक फेरी मारणारा एलएफओ (अतिमंद ऑसिलेटर) ऐकू कसा येणार? एन्व्हलप (आवाजाची चढउतार ठरवणारा व्होल्टेज) शून्याला न टेकता ०.२ व्होल्टवर रेंगाळला की सूर संपल्यावरही आवाज झिरपत राहतो आणि दोष व्हीसीएला (आवाजाची पातळी ठरवणाऱ्या मॉड्यूलला) दिला जातो. डीसी कपलिंगवर (स्थिर व्होल्टही दाखवणाऱ्या सेटिंगवर) ठेवलेल्या स्कोपवर रेघ शून्याच्या वर तरंगताना दिसते, विषय संपला. हां, स्कोपच्या रेघेवरून व्होल्ट मोजून सूर लावू नका. आठ बिटांचा (उंचीच्या २५६ पायऱ्यांचा) स्कोप पडद्यावर ८ व्होल्ट दाखवत असेल तर त्याची एक पायरी ३१ मिलिव्होल्टची, म्हणजे ३७ सेंटची. तुलना मात्र तो कानापेक्षाही बारीक करतो. एक्स-वाय मोडमध्ये (एक लाट आडवी, दुसरी उभी) दोन साइन लाटा दिल्या की लंबवर्तुळ दिसतं. त्याची एक फेरी दहा सेकंदांत होत असेल तर फरक ०.१ हर्ट्झचा, ४४० पाशी अर्ध्या सेंटहूनही कमी.

आता तो ‘स्वभाव’. एक्सपोनेन्शियल कन्व्हर्टरमधला (व्होल्टमागे वारंवारता दुप्पट करणाऱ्या भागातला) ट्रान्झिस्टर तापमानाच्या अंशाला साधारण ०.३३ टक्के सरकतो. भरपाई नसेल तर एका अंशाला प्रत्येक सप्तकामागे ४ सेंट. म्हणून तर तिथे तापमानावर बदलणारा रेझिस्टर घालतात. यंत्र चालू करून काउंटर लावून ठेवा, आकडा कधी स्थिरावतो ते दिसेल. जुळवायला तेव्हा बसा. सरकणं थांबतच नसेल तर सप्लायचे अधिक-उणे १२ व्होल्ट तपासा, स्वभावाचं कौतुक नंतर.

राहिला ‘दुरुस्तीवाल्यांची हत्यारं’ हा टोमणा. १९५८ साली सुरू झालेल्या बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये टेस्ट ऑसिलेटरवरच, म्हणजे तपासणीच्या यंत्रांवरच, संगीत घडत होतं. १९६९ च्या व्हीसीएस ३ सिंथेसायझरच्या तर पॅनलवरच काट्याचा मीटर आहे.

खरी अडचण त्या मजकुरात आलेलीच नाही. मोजणाराही लोड टाकतो. १ मेगाओहमचा स्कोप १ किलोओहमच्या आउटपुटला लावला की ४ व्होल्टांतले ४ मिलिव्होल्ट, म्हणजे ५ सेंट, तो खातो. प्रोब १०एक्सवर (दहापट कमी लोडच्या सेटिंगवर) ठेवा, नाहीतर सूर लावताना काढून ठेवा. आणि मेन्सवर चालणाऱ्या स्कोपची ग्राउंड क्लिप सहसा थेट अर्थिंगला जोडलेली असते. सिंथही अर्थ केलेला असेल आणि क्लिप चुकून उणे १२ च्या पिनेवर बसली, तर शॉर्ट झालाच समजा. ती फक्त सिंथच्या ग्राउंडला लावायची.