टाइमआऊट वाढवून काय होणार आहे?

"तीसचा टाइमआऊट साठ करून टाका ना, कस्टमर थांबलाय." आमच्या ड्राइव्हचा कंट्रोलर (ड्राइव्हमधली मुख्य चिप) उत्तर देत नाही, की टाइमआऊट, म्हणजे उत्तराची किती सेकंद वाट बघायची ती मर्यादा, वाढवायला सांगतात. मागच्या रिलीजला हेच, या रिलीजलाही हेच. आता माझी सहनशक्ती संपली आहे. कंट्रोलर कमांड गिळून बसतो आणि दुरुस्त करायचा ड्रायव्हर (ऑपरेटिंग सिस्टिममधला डिस्कशी बोलणारा कोड)! आणि दुरुस्ती म्हणजे काय, तर अजून थोडा वेळ वाट बघा.

हा तीस सेकंदांचा आकडा म्हणजे किती मोठा काळ आहे ते तरी बघा. लिनक्सचा एनव्हीएमई (वेगवान एसएसडीशी बोलायची पद्धत) ड्रायव्हर वाचण्या-लिहिण्याच्या कमांडची डीफॉल्ट ३० सेकंद वाट बघतो, अ‍ॅडमिन कमांडची ६०. चांगल्या एसएसडीवर एक छोटं रीड साधारण १०० मायक्रोसेकंदांत परत येतं. म्हणजे ३० सेकंदांत अशी तीन लाख रीड एकापाठोपाठ एक उरकतात. तेवढ्या वेळात जी कमांड परत आली नाही तिला उशीर झालेला नाही, ती हरवली आहे. साठ केलेत तर डेटाबेस अर्ध्या मिनिटाऐवजी मिनिटभर लटकेल. त्याच्या पुढे गेलात की १२० सेकंदांनी कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) हंग-टास्क थ्रेड, म्हणजे अडकलेली कामं शोधणारा पहारेकरी, लॉगमध्ये ओरडायला लागेल. कमांड तेव्हाही परत येणार नाही.

आणि लॉग कुणी वाचतच नाही! टाइमआऊट झाला की ड्रायव्हर आधी कम्प्लीशन क्यूमध्ये, म्हणजे कंट्रोलर उत्तरं लिहितो त्या रांगेत, स्वतः डोकावून बघतो. उत्तर तिथे पडलेलं असेल तर तशी स्पष्ट नोंद करतो, की टाइमआऊट झाला खरा, पण कम्प्लीशन पोल करून मिळालं. म्हणजे कंट्रोलरने काम केलं, उत्तर लिहिलं, फक्त इंटरप्ट (उत्तर आलंय असा इशारा) पोचला नाही. उत्तर नसेल तर अबॉर्ट (ती कमांड रद्द कर असा निरोप) पाठवतो. तरीही हालचाल नसेल तर कंट्रोलर रीसेट करतो. आणि स्टेटस रजिस्टर वाचल्यावर सगळेच्या सगळे ३२ बिट १ आले, तर डिव्हाइस पीसीआयई बसवरून (ड्राइव्ह आणि मशीन जोडणाऱ्या वाटेवरून) गायब झालंय, कारण नसलेल्या डिव्हाइसकडून वाचलं की हेच मिळतं. हे वेगवेगळे आजार आहेत. एकात इंटरप्टचं राउटिंग तपासायचं, दुसऱ्यात पॉवर आणि लिंक, तिसऱ्यात थेट फर्मवेअर (चिपच्या आतला प्रोग्राम). पण तिकिटात काय लिहून येतं? "ड्रायव्हर हँग होतोय." बस्स. लॉगचा स्क्रीनशॉट जोडलेला असतो, तोही नेमकी ती ओळ कापून.

आमच्या केसमध्ये तर संशयाला जागाच नाही. पीसीआयई अ‍ॅनालायझर लावून ट्रेस काढला. ड्रायव्हरने डोअरबेल (नवी कमांड आहे असा इशारा) वाजवली, ते दिसतं. कंट्रोलरने मेमरीतून कमांड उचलली, तेही दिसतं. त्यानंतर त्या कमांडसाठी एक बाइटसुद्धा इकडून तिकडे गेलेला नाही. ना डेटा, ना कम्प्लीशन. हा ट्रेस मी फर्मवेअरवाल्यांना पाठवला. उत्तर आलं, "आमच्याकडे असं होत नाही." अहो, तुमच्या टेस्टमध्ये एक क्यू आणि ३२ कमांड! इथे प्रत्येक कोअरची स्वतंत्र क्यू आहे आणि प्रत्येक क्यूत शेकडो कमांड एकाच वेळी उभ्या आहेत. एनव्हीएमई हे २०११ साली आलं तेच मुळात यासाठी. जुन्या एएचसीआयमध्ये (सॅटा डिस्कशी बोलायच्या पद्धतीत) पोर्टमागे ३२ कमांडची एक रांग होती, ती मर्यादा मोडायला. स्पेसिफिकेशन ६५,५३५ क्यूंपर्यंत परवानगी देतं. तुम्ही बॉक्सवर लाखांतले आयओपीएस (सेकंदाला किती वेळा वाचता-लिहिता येतं तो आकडा) छापता, ते एका क्यूतून मिळतात का? मग टेस्ट एका क्यूवर कशी काय करता?

त्यानंतर जे झालं त्याने मात्र खरंच पायाखालची जमीन सरकली. फर्मवेअरवाल्यांच्याच बाजूने एक पॅच (कोडमधला बदल) आला. टाइमआऊट झाला की ती रिक्वेस्ट एरर देऊन वरच्या लेयरला लगेच परत करायची, म्हणजे अ‍ॅप्लिकेशन लटकणार नाही, आणि रीसेट मागाहून सावकाश करायचा. दिसायला किती छान! डेमोमध्ये चालतो सुद्धा. आणि आमच्याकडचे लोक खूश, कारण ग्राफवरचा लांबलचक खड्डा नाहीसा झाला.

हा पॅच डेटा खाणारा आहे. रीड कमांड म्हणजे काय, तर "या मेमरी पत्त्यावर डेटा आणून टाक" असा कंट्रोलरला दिलेला अधिकार. तो अधिकार कंट्रोलरकडे आहे तोपर्यंत ती मेमरी आपली नाही. तुम्ही रिक्वेस्ट परत केली की कर्नल ते पान मोकळं करतं आणि दुसऱ्या कुणालातरी देतं. ते पान आता कुठल्यातरी प्रोसेसचं असेल, फाइलसिस्टमच्या मेटाडेटाचं असेल. आणि मग तो झोपलेला कंट्रोलर पाच सेकंदांनी जागा होतो आणि जुना डेटा डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत, त्याच पत्त्यावर ओततो. लॉगमध्ये काही नाही. एरर नाही. काही दिवसांनी कुठेतरी चेकसम (डेटा शाबूत आहे का ते सांगणारा आकडा) चुकतं, कुठलीतरी सर्व्हिस विचित्र जागी क्रॅश होते आणि लोक रॅम बदलत बसतात. आयओएमएमयू (डिव्हाइसला कुठल्या मेमरीला हात लावता येईल ते ठरवणारं हार्डवेअर) चालू असेल तर निदान फॉल्ट तरी दिसतो, पण तो बरेचदा परफॉर्मन्ससाठी बंद करून ठेवलेला असतो किंवा पासथ्रूवर, म्हणजे न अडवता सगळं जाऊ देणारा. म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी कंट्रोलर बंद करायचा, तो खरंच थांबलाय याची रेडी बिट शून्य होईपर्यंत खात्री करायची, ऐकत नसेल तर त्याचं बस मास्टरिंगच (स्वतःहून मेमरीत लिहायची परवानगी) काढून घ्यायचं, आणि मगच रिक्वेस्ट परत द्यायच्या. हा क्रम बदलायचा नाही म्हणजे नाही. हे मी मीटिंगमध्ये बोर्डवर काढून दाखवलं. त्यावर प्रश्न काय आला? "पण प्रत्यक्षात असं किती वेळा होणार?"

किती वेळा? ज्याच्या पेशंटचा रेकॉर्ड त्या डिस्कवर आहे त्याला विचारा किती वेळा चालेल ते!

हे फक्त आमच्याच नशिबी आहे असं नाही, आणि म्हणूनच राग जास्त येतो. लिनक्सच्या एनव्हीएमई ड्रायव्हरमध्ये क्वर्कची यादी आहे. कुठल्या मॉडेलला काय सांभाळून घ्यायचं त्याची. एका अ‍ॅडॅप्टरसाठी तिथे २३०० मिलिसेकंद थांबायचं असं लिहिलंय, आणि वर कॉमेंटमध्ये प्रामाणिकपणे सांगितलंय की हा आकडा प्रयोग करून काढला. म्हणजे हार्डवेअर तयार झालं की "तयार" म्हणून सांगणारा बिट आहे, पण तो कधी तपासावा हे बाहेरच्या माणसाने चाचपडत शोधायचं. काही सॅमसंग ड्राइव्ह सगळ्यात खोल पॉवर-सेव्हिंगमध्ये गेल्या की विशिष्ट डेल लॅपटॉपवर बसवरूनच पडायच्या. मग ड्रायव्हरमध्ये लॅपटॉपच्या मॉडेलची नावं तपासणारा कोड आला. स्टोरेज ड्रायव्हरला लॅपटॉपचं नाव कशाला माहीत असायला हवं?

आणि त्या आयडींचा प्रकार! प्रत्येक नेमस्पेसला (ड्राइव्हवरच्या स्वतंत्र साठ्याला) जगात एकमेव असा आयडी असायला हवा, ही स्पेसिफिकेशनची साधी अट. एकच नेमस्पेस दोन वाटांनी दिसतोय की ते दोन वेगळे आहेत, हे मल्टिपाथ (एकाच डिस्कच्या अनेक वाटा सांभाळणारा कोड) याच आयडीवरून ठरवतं. दोन वेगळ्या डिस्कना एकच आयडी असेल तर एकीचं लिखाण दुसरीवर जायची भीती. २०२२ मध्ये कर्नलने ही तपासणी कडक केली आणि काय बाहेर आलं? स्वस्तातल्या कितीतरी ड्राइव्हवर कारखान्यात आयडी भरलेलेच नव्हते, नाहीतर सगळ्यांवर तोच एक. दोन सारख्या ड्राइव्ह लावल्या की दुसरी नाकारली जाऊ लागली. लोकांनी शिव्या कुणाला दिल्या? कर्नलला. "कालपर्यंत चालत होतं, अपडेट केलं आणि डिस्क गेली." एकामागून एक मॉडेल क्वर्कच्या यादीत चढत गेली, आणि शेवटी २०२३ मध्ये एकाच पोर्टच्या पीसीआयई ड्राइव्हसाठी ती अट सैल करावी लागली. ज्यांनी कारखान्यात आठ बाइट भरायचे कष्ट घेतले नाहीत, त्यांचं नाव कुणी घेतलं नाही.

२०२१ ची गोष्ट त्याहून बोलकी. काही कंट्रोलर एकाच कमांडचं कम्प्लीशन दोनदा पाठवायचे. पहिल्याने रिक्वेस्ट संपते, दुसरं येतं तोवर ती मेमरी भलत्याच कामाला लागलेली असते आणि कर्नल कोसळतं. उपाय सुंदर काढला होता: कमांड आयडीच्या १६ पैकी ४ बिटांत पिढीचा क्रमांक ठेवायचा, म्हणजे शिळं कम्प्लीशन लगेच ओळखता येतं. स्पेसिफिकेशनप्रमाणे आयडीत काय ठेवायचं ते ड्रायव्हरने ठरवायचं, कंट्रोलरने ते जसंच्या तसं परत द्यायचं. पण अ‍ॅपलच्या काही कंट्रोलरना आयडी लहानच लागतो! ते चालेनासे झाले, आणि त्यांच्यासाठी अजून एक क्वर्क. एकाच्या फर्मवेअरमधल्या चुकीपासून वाचायला कोड लिहायचा, आणि तो कोड दुसऱ्याच्या फर्मवेअरमधल्या गृहीतकावर आपटतो.

चांगल्या हेतूने लावलेलं ठिगळसुद्धा फाटतं. एएसएम११६६ ही सहा पोर्टची सॅटा चिप, पण तिच्या फर्मवेअरने ३२ पोर्ट सांगायचे, आणि बूट होताना कर्नल प्रत्येक रिकामा पोर्ट चाचपत बसायचं. २०२४ च्या सुरुवातीला ड्रायव्हरमध्ये सहाची मर्यादा घातली गेली. लगेच दुसऱ्या लोकांच्या डिस्क दिसेनाशा झाल्या, कारण पोर्ट मल्टिप्लायर (एका पोर्टवर अनेक डिस्क जोडणारी चिप) लावलेल्या कार्डांवर त्यांच्या डिस्क त्याच जादा पोर्टवर दाखवल्या जात होत्या. मर्यादा परत काढावी लागली. ज्याने पॅच लिहिला त्याच्याकडे ती माहिती असणार कुठून? तिचा कागद चिप बनवणाऱ्याच्या कपाटात!

तो कागद आम्हालाही मिळत नाही. आमच्या कंट्रोलरची एररटाची, म्हणजे माहीत असलेल्या चुकांची, यादी आहे, हे आम्हाला माहीत आहे, कारण त्यांच्याच इंजिनिअरने कॉलवर बोलता बोलता तिच्यातला नंबर सांगितला. यादी मागितली तर "इंटरनल डॉक्युमेंट." अहो, आम्ही तुमचा माल विकतोय! तुमच्याच चिपची माहिती तुमच्याच ग्राहकापासून लपवून कुणाचं भलं होणार आहे? पुण्यात स्टोरेजचं काम करणारे लोक कमी नाहीत. दोन इंजिनिअर चहाला भेटले की हेच बोलतात, फक्त चिप बदलते.

मग त्या अंधारात ड्रायव्हरमध्ये झोपा, म्हणजे नुसतं थांबायला सांगणाऱ्या ओळी, शिरतात. रीसेटनंतर ५०० मिलिसेकंद, क्यू बनवण्याआधी १००. का? माहीत नाही. काढून बघितलं तर कधीतरी फुटतं, म्हणून राहू द्या. अपस्ट्रीमला, म्हणजे लिनक्सचा मूळ कोड सांभाळणाऱ्यांना, पाठवलं की रिव्ह्यूअर पहिलाच प्रश्न विचारतो: पाचशेच का? आणि आमच्याकडे याला रिव्ह्यूअरचा हेकटपणा म्हणतात! त्याचा प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे. पाच वर्षांनी हा कोड सांभाळायचाय तो त्याला, आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरला नाही. कमिट मेसेजमध्ये कारण लिहिता येत नसेल तर तो बदल समजलेलाच नाही, आणि न समजलेला बदल लोकांच्या डेटाच्या वाटेत टाकायचा नसतो.

एरर पाथ तपासायची साधनं नाहीत, असंही नाही. कर्नलमध्ये फॉल्ट इंजेक्शन आहे. मुद्दाम टाइमआऊट घडवता येतो, एनव्हीएमई कमांडला हवी ती एरर परत देता येते. केएएसएएन (कर्नलमधला मेमरीच्या चुका पकडणारा तपासनीस) चालू करा, मोकळ्या केलेल्या मेमरीला ड्रायव्हरने हात लावला की जागेवर पकडतो. ब्लॉकटेस्ट्स हा स्टोरेजच्या कोडसाठी चाचण्यांचा संच आहे. सगळं फुकट आहे. चालू आयओमध्ये स्लॉटची पॉवर तोडा, रीसेट चालू असताना पुन्हा रीसेट मारा, रात्रभर चालू ठेवा. यासाठी एक मशीन आणि थोडा वेळ मागितला तर शेड्यूलमध्ये जागा नाही. फायोचे (डिस्कचा वेग मोजणाऱ्या प्रोग्रामचे) आकडे स्लाइडवर टाकायला मात्र अख्खी टीम रात्री जागी. सगळं सुरळीत असतानाचा वेग कोणताही ड्रायव्हर दाखवतो. डिस्क मरते तेव्हा बाकीच्या डिस्क आणि बाकीची मेमरी शाबूत ठेवतो तो खरा ड्रायव्हर, आणि त्याच भागाला आमच्याकडे "एज केस" म्हणून शेवटच्या स्प्रिंटमध्ये ढकलतात.

माझी पॅच सिरीज तयार आहे. रीसेटचा क्रम सरळ केलाय, अबॉर्ट आणि रीसेट यांच्यातली रेस (दोघं एकाच वेळी चालल्याने होणारी गडबड) काढलीय, प्रत्येक बदलाचं कारण मेसेजमध्ये लिहिलंय, फॉल्ट इंजेक्शनखाली चालवून बघितलीय. ती "रिस्की" म्हणून पडून आहे. एका ओळीत ३० चे ६० करणारा पॅच मात्र "सेफ" आहे म्हणे, आणि त्यावर मी सही करावी अशी अपेक्षा आहे. मी करणार नाही. फर्मवेअरवाल्यांनी एररटा द्यावा, कमांड गिळतानाचा फर्मवेअरचा आतला लॉग द्यावा, आणि रिक्वेस्ट आधी परत करणारा तो पॅच आजच्या आज ब्रँचमधून काढावा. तो अजूनही मर्ज केलेलाच आहे आणि पुढचा बिल्ड त्याच्यासकट कस्टमरकडे जाणार आहे.